ताप उतरला, पण वरची दाढ हलते आहे?

ताप जाऊन दोन-तीन आठवडे झालेत. माणूस पुन्हा लोकल पकडून कामाला जायला लागलाय. आणि अचानक वरच्या जबड्याची एक बाजू ठणकायला लागते. दाढ किडलेली नाही, तरी चावताना कळ येते, बोट लावलं तर किंचित हलते. घरचे म्हणतात, अंगात उष्णता झालीय, आजारपणाने हिरड्या कमजोर झाल्यात, लवंगेचं तेल लाव.

बहुतेक वेळा कारण खरोखरच साधं निघतं. पण त्या माणसाला मधुमेह असेल, किंवा आजारपणात त्याला स्टेरॉइड दिलेली असतील, तर या दुखण्याकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. म्युकरमायकोसिस, म्हणजे लोक ज्याला 'ब्लॅक फंगस' किंवा काळी बुरशी म्हणतात, हा बुरशीचा गंभीर संसर्ग अनेकदा असाच, एखाद्या दाढेच्या दुखण्याच्या रूपात पुढे येतो. रुग्ण दातांच्या डॉक्टरांकडे जातो, दाढ काढली जाते, जखम भरत नाही, आणि त्यात मोलाचे दिवस निघून जातात.

२०२१ च्या उन्हाळ्यात हे नाव घराघरांत पोचलं. केंद्र सरकारने २८ जून २०२१ पर्यंतची जी आकडेवारी दिली होती, तिच्यानुसार देशात ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले होते आणि त्यांतले ३,१२९ दगावले होते. यांतल्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना कोविड झालेला होता, ६४ टक्क्यांना मधुमेह होता आणि जवळपास ५३ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेली होती. ती लाट ओसरली, बातम्या थांबल्या. आजार मात्र गेलेला नाही. तो कोविडच्या आधीही भारतात इतर देशांपेक्षा कितीतरी जास्त आढळायचा आणि आजही आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, तेव्हा या बुरशींना 'उच्च प्राधान्य' गटात जागा दिली. म्हणून हे सगळं पुन्हा लिहावंसं वाटतं, विशेषतः तोंडातल्या खुणांबद्दल. तोंड घरच्या घरी पाहता येतं, त्याला कुठलं यंत्र लागत नाही.

लोकांच्या मनात काळा रंग पक्का बसलाय. टाळूवर काळं दिसलं तरच आजार, असं कितीतरी जण धरून चालतात. तो समज जिवावर बेतू शकतो. काळेपणा बुरशीचा नसतो, तो मेलेल्या मांसाचा असतो. म्हणजे काळं दिसतं तोवर तिथला रक्तपुरवठा बंद होऊन गेलेला असतो आणि तो भाग परत जिवंत होणार नसतो. ओळखायची लक्षणं त्याच्या आधीची आहेत.

आधी हा आजार होतो कसा ते पाहू, म्हणजे लक्षणं पाठ करावी लागणार नाहीत, ती आपोआप लक्षात राहतील. या बुरशीचे बीजाणू हवेत, मातीत, कुजलेल्या पाल्यात, खतात सगळीकडे असतात. शिळ्या पावावर जी केसाळ बुरशी येते, तिच्यातही याच कुळातली एक जात असते. आपण सगळेच हे बीजाणू रोज श्वासातून घेतो आणि आपलं शरीर ते निपटून टाकतं. हे काम मुख्यतः रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं. शुगर बेसुमार वाढली की या पेशी मंदावतात. मधुमेह फारच हाताबाहेर गेला आणि रक्तात आम्ल वाढलं, तर रक्तातलं लोह सुटं होतं, आणि लोह हे या बुरशीचं आवडतं खाद्य. त्यात स्टेरॉइडची भर पडली तर दुहेरी घात: प्रतिकारशक्ती दबते आणि शुगर आणखी चढते.

स्टेरॉइडला सरसकट खलनायक ठरवू नये. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीत दिसलं की ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस दिलं तर मृत्यू कमी होतात. त्याच चाचणीत हेही दिसलं की ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना त्याचा काही फायदा झाला नाही. घोळ झाला तो इथे. साध्या तापातही या गोळ्या दिल्या गेल्या, जास्त दिवस चालू राहिल्या, कुणी तर जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणल्या. आजही व्हायरल तापानंतरचा खोकला थांबेना म्हणून किंवा अंग दुखतंय म्हणून मिळालेल्या गोळ्यांत प्रेडनिसोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन असू शकतं आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव वाचा. मात्र चालू असलेलं स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्याचे वेगळे धोके आहेत, ते डॉक्टरच्या सल्ल्यानेच कमी करायचं असतं.

जाता जाता शुगरबद्दल एक गोष्ट. प्रेडनिसोलोनसारखी गोळी सकाळी घेतली की शुगर बहुधा दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी चढते. सकाळची उपाशीपोटीची शुगर नॉर्मल येऊ शकते आणि घरात सगळे निर्धास्त होतात. स्टेरॉइड चालू असताना जेवणानंतरची शुगर तपासणं म्हणून फार महत्त्वाचं.

आता बुरशीची वाट पाहू. बीजाणू नाकात शिरतो, तिथून गालाच्या हाडामागच्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये. या पोकळीचा तळ आणि वरच्या दाढांची मुळं यांच्यामध्ये हाडाचा जेमतेम पातळ पापुद्रा असतो. नाकाचा तळ आणि तोंडातली टाळू या तर एकाच हाडाच्या दोन बाजू. म्हणून नाकात सुरू झालेला आजार वरच्या दाढा, हिरड्या आणि टाळू या ठिकाणी तोंडात डोकावतो. खालच्या जबड्यात तो क्वचितच दिसतो.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, हे तिचं सर्वांत वाईट लक्षण. जुन्या चाळीच्या भिंतीत पिंपळाचं मूळ शिरून आतल्या आत पसरत जातं, बाहेरून फक्त एक बारीक भेग दिसते, तशी तिची वाढ असते. वाहिनीत रक्त गोठतं, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, हाड आणि मांस मरतं. मेलेल्या भागात रक्त पोचत नाही म्हणजे औषधही पोचत नाही. म्हणूनच या आजारात नुसत्या इंजेक्शनने भागत नाही, ऑपरेशन करावं लागतं.

या सगळ्यातून तोंडातल्या खुणांचा अर्थ लागतो. दाढांभोवतीचं हाड मरायला लागलं की चांगल्या, न किडलेल्या दाढा हलू लागतात. एकच दाढ हलली तर हिरड्यांचा नेहमीचा आजार असू शकतो. शेजारशेजारच्या दोन-तीन दाढा थोड्याच दिवसांत हलायला लागल्या, किंवा एक दाढ हलवली की बाजूच्या दाढांसकट हिरडीचा तुकडाच हलल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हिरडीवर ओळीने बारीक बारीक पुळ्या येणं आणि त्यांतून पू येणं हीदेखील अशीच खूण. नेहमीच्या किडक्या दाढेचं गळू सहसा एकाच जागी असतं.

टाळूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या उजवी-डावीकडून वेगळ्या येतात. त्यामुळे टाळूवरचा बदल बहुतेकदा एकाच बाजूला असतो आणि मधल्या रेषेपाशी थांबलेला दिसतो. सुरुवातीला तो भाग फिकट, राखाडीसर दिसतो. कधी सुजलेला, कधी निळसर. मग तिथे न भरणारी जखम होते, आणि त्याच्याही पुढे काळी खपली किंवा उघडं पडलेलं हाड. टाळूला भोक पडून पाणी प्यायलं की नाकातून येणं ही फारच पुढची अवस्था.

सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारं लक्षण म्हणजे बधिरपणा. डोळ्याच्या खाली हाडातून एक नस बाहेर पडते. ती गाल, नाकाची कड, वरचा ओठ आणि पुढचे वरचे दात यांना संवेदना देते. बुरशी तिथे पोचली की एका बाजूचा गाल सुन्न वाटतो, दाढी करताना एका बाजूला ब्लेड लागल्याचं कळत नाही, चहा पिताना ओठाचा अर्धा भाग जड वाटतो. इथे लोक फसतात. आठवडाभर ठणकणारी बाजू अचानक दुखायची थांबते आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. दुखणं जाऊन त्याच जागी बधिरपणा आला असेल, तर ते बरं होण्याचं लक्षण धरू नका. नस मेल्यानेही दुखणं थांबतं.

तोंडाबरोबर नाक आणि डोळे पाहायचे. एक नाकपुडी चोंदणं, नाकातून रक्ताळलेलं किंवा काळपट पाणी, एका बाजूच्या गालावर सूज, तोंडाला नेहमीपेक्षा वेगळी कुजकट दुर्गंधी. डोळ्याची पापणी खाली येणं, डोळा बाहेर आल्यासारखा दिसणं, एकाचे दोन दिसणं किंवा नजर मंदावणं असलं तर एक तासही दवडायचा नाही. डोळ्याच्या मागे मेंदू आहे.

घरात तपासायचं कसं? आई-वडिलांचं तोंड पाहायला पाच मिनिटं पुरतात, पण आधी संकोच बाजूला ठेवावा लागतो. खिडकीपाशी खुर्ची ठेवा. "आई, कवळी काढ बरं," असं आधी सांगा. हे विसरू नका, कारण कवळीची प्लेट संपूर्ण टाळू झाकते आणि वयस्कर माणसांत नेमकी तिथलीच जखम दिसत नाही. कालपर्यंत नीट बसणारी कवळी आज टोचते, बसत नाही, अशी तक्रार असेल तर तीही ऐका. चूळ भरायला सांगा. मान मागे टेकवून, तोंड मोठं उघडून मोबाइलचा टॉर्च वर टाळूवर मारा. डावी आणि उजवी बाजू सारखी दिसते का ते पाहा. नुसती एकच बाजू पाहिली तर फरक कळत नाही, तुलना केली तर लगेच कळतो. मग वरचा ओठ उचलून हिरड्यांवर एक नजर फिरवा. स्वच्छ हाताने वरच्या दाढा एकेक करून दोन बोटांत धरून हळूच हलवा. मोठ्या माणसाची निरोगी दाढ हलल्याचं बोटांना जाणवतही नाही. शेवटी डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा दोन्ही गालांवर, डोळ्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या दोन्ही बाजूंवर हलकेच फिरवा आणि विचारा, "दोन्हीकडे सारखंच लागतंय का?" जोखमीच्या माणसाचं तोंड आजारपणानंतरचे काही आठवडे दर दोन दिवसांनी असं पाहिलं तरी पुष्कळ झालं.

आता घाबरण्यासारखं नसलेलंही सांगायला हवं, नाहीतर हा लेख वाचून निम्मी मुंबई आरशासमोर उभी राहील. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या बायकांचे दात आणि हिरड्या काळ्या असतात. पान, गुटखा, तंबाखू यांचे डाग असतात. आपल्यापैकी अनेकांच्या हिरड्यांना जन्मतःच गडद रंग असतो. अँटिबायोटिकनंतर कधीकधी जिभेवर काळी केसाळ पुटं येतात, ती दिसायला भीतीदायक असली तरी बहुधा निरुपद्रवी असतात. लोहाच्या औषधानेही दात काळे दिसतात. हे सगळे रंग दोन्ही बाजूंना असतात किंवा जुने असतात. नव्याने, एकाच बाजूला, थोड्या दिवसांत झालेला बदल हा खरा प्रश्न. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातली न भरणारी जखम किंवा विनाकारण हलणारे दात हे कर्करोगाचंही लक्षण असू शकतं, त्यामुळे "मिश्रीमुळे असेल" म्हणून तेही सोडून देऊ नये.

पांढरे चट्टे ही निराळी गोष्ट. आजारपणात अँटिबायोटिक, स्टेरॉइड किंवा दम्याचा पंप वापरल्यावर तोंडात दह्यासारखा पांढरा थर येतो, पुसला की निघतो आणि खाली लाल, चुरचुरणारी जागा राहते. ही कॅन्डिडा नावाची बुरशी. डॉक्टरने दिलेल्या औषधाने ती सहसा लवकर आटोक्यात येते. पंप घेतल्यावर चूळ भरली तर ती टाळताही येते. पण ती दिसली तर शुगर मात्र तपासून घ्या. कॅन्डिडावर चालणारी फ्लुकोनॅझोलची गोळी म्युकरवर काम करत नाही, हेही लक्षात असू द्या. "बुरशी आहे ना, मग बुरशीची गोळी दे" असं मेडिकलवाल्याला सांगून वेळ घालवण्यात अर्थ नाही.

वरच्या दाढांचं दुखणं साध्या सर्दीच्या सायनसनेही होतं. खाली वाकलं की गाल भरल्यासारखा वाटतो, दोन-चार दाढा एकदम दुखतात. ते आठवडा-दहा दिवसांत ओसरतं. त्यात दाढा हलत नाहीत आणि गाल बधिर होत नाही.

दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तर दाढेचं सांगायच्या आधी आजारपणाचं सांगा. कारण खुर्चीत बसल्यावर विचारलं जातं ते "कुठली दाढ?" आणि आपणही तेवढंच उत्तर देतो. असं सांगा: "डॉक्टर, तीन आठवड्यांपूर्वी मला ताप येऊन गेला, ॲडमिट होतो, स्टेरॉइड दिली होती. मला शुगर आहे, परवाची जेवणानंतरची अमुक आली. आता वरच्या दोन दाढा हलतायत आणि गाल सुन्न वाटतोय." एवढं ऐकल्यावर कुठलाही जाणता दंतवैद्य घाईने दाढ उपटणार नाही, आधी तपासण्या करायला लावेल. दाढ काढून झालीच असेल आणि दोन आठवड्यांनंतरही खड्डा भरत नसेल, आत करडं कोरडं हाड दिसत असेल, तर त्याच डॉक्टरांकडे परत जा. सुरुवातीच्या दिवसांत दातांचा एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो. एक्स-रे चांगला आला म्हणून बधिरपणाकडे काणाडोळा करू नका.

पुढच्या तपासण्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे होतात. दुर्बिणीने नाक आतून पाहतात, संशयास्पद जागेचा छोटा तुकडा घेतात. त्यावर एक रसायन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की या बुरशीचे रुंद, फितीसारखे धागे काही तासांतच दिसू शकतात. बायोप्सीच्या अहवालाला थोडे दिवस लागतात, कल्चरलाही (म्हणजे तुकड्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहायला) लागतात, आणि कल्चरमध्ये काही उगवलं नाही म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. आजार किती पसरलाय ते सीटी आणि एमआरआयवरून समजतं. संशय दाट असेल तर डॉक्टर सगळे अहवाल हातात येण्याची वाट पाहत नाहीत, औषध सुरू करतात. त्यामागे अनुभव आहे: म्युकरमायकोसिस झालेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचे उपचार सहा दिवस किंवा त्याहून उशिरा सुरू झाले, त्यांच्यात १२ आठवड्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण लवकर उपचार मिळालेल्यांच्या जवळपास दुप्पट होतं.

मुख्य औषध ॲम्फोटेरिसिन बी, त्यातही लायपोसोमल प्रकार, शिरेतून रोज. किडनीवर आणि रक्तातल्या पोटॅशियमवर त्याचा परिणाम होतो म्हणून रक्ताच्या तपासण्या सतत चालू राहतात. बरोबरीने शुगर आटोक्यात आणणं आणि मेलेला भाग काढून टाकणं. लवकर सापडलं तर सायनस साफ करण्यावर भागू शकतं, उशीर झाला तर टाळूचा किंवा वरच्या जबड्याचा भाग काढावा लागतो. नंतर महिनोन्महिने पोसाकोनॅझोलसारख्या गोळ्या चालू राहतात. जबडा गमावलेल्या माणसाचं जेवण नाकात जातं, बोलणं अस्पष्ट होतं. त्यासाठी टाळूतली पोकळी बंद करणारी खास कवळी बनवतात, तिला ऑब्ट्युरेटर म्हणतात. ती लावल्यावर माणूस पुन्हा चारचौघांत जेवायला बसू शकतो, फोनवर बोलू शकतो. ऑपरेशनच्या आधीच तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवावं.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचं ताट वेगळं ठेवायची, त्याच्यापासून लांब राहायची गरज नाही. २०२१ मध्ये कांद्यावरच्या काळ्या थराने आणि फ्रिजच्या रबरावरच्या बुरशीने हा आजार होतो असे जे मेसेज फिरले, त्यांतली ती काळी बुरशी वेगळ्या जातीची होती. पावसाळ्यात आपल्याकडे भिंती ओल्या होतात, पोपडे धरतात, बुरशी येते. निरोगी माणसाला त्याने म्युकर होत नाही. पण शुगर वाढलेल्या किंवा स्टेरॉइड चालू असलेल्या माणसाने त्या भिंती खरवडू नयेत, कुंड्यांतली माती उकरू नये, माळ्यावरचं धूळ खात पडलेलं सामान काढू नये. ते काम दुसऱ्याने करावं.

मुंबईत कुठे जायचं? दिवसा आणि डोळ्याची कुठलीही तक्रार नसताना मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल कॉलेज किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणं योग्य. गाल बधिर असेल, नाकातून काळपट पाणी येत असेल किंवा डोळ्याला काही होत असेल तर थेट केईएम, सायन, नायर किंवा जेजेसारखं मोठं रुग्णालय गाठावं, कारण तिथे कान-नाक-घसा, डोळे, दात आणि मधुमेह हे सगळे विभाग एकाच आवारात किंवा अगदी जवळ मिळतात. खर्चाची धास्ती असेल तर राज्य सरकारने मे २०२१ मध्ये या आजाराचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणले होते. आता काय लागू आहे ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला विचारा. जाताना डिस्चार्ज कार्ड, घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, शुगरचे शेवटचे रिपोर्ट आणि रेशन कार्ड एका पिशवीत घ्या. रात्र असली किंवा रविवार असला तरी या रुग्णालयांचे अपघात विभाग चालू असतात. सोमवारच्या ओपीडीसाठी थांबू नका.